आडवं पडण्याविषयी

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: संशोधनातली रुची.
तीन ओळी पुरेत, असं खाली बारीक छापलंय.
पहिल्या ओळीत मी लिहिते: आडवं पडणं.
मग खोडते. कचेरीतल्या मेकोनेनला वाटायचं,
बाई दमल्या.

पण सव्वीस वर्षं मी हेच तर बघत आलेय.
टेफची काडी स्वतःच्याच दाण्यांनी वाकते.
भरला तुरा की वारा नुसता निमित्ताला,
आणि सकाळी अख्खं शेत लोळलेलं,
रात्री कुणीतरी ओला तळवा फिरवून गेल्यासारखं.
दाणा केवढा म्हणाल, तर खसखशीनंही त्याला धाकटा म्हणावं.
मुठीतून निसटला की माती म्हणते, माझाच होता.

आमच्याकडे सूर्याबरोबर घड्याळ नव्यानं सुरू होतं,
म्हणून फुलं उघडतात ती सकाळी एक वाजता
आणि दोनला मिटतात.
बिशोफ्तूच्या तळ्यावरचं धुकं हललेलं नसतं
तेव्हा मी आणि गुदेता भिंगाला डोळे लावून,
शेजारी दोन कॉफ्या निवत.
फुलात तीन परागकोश. तिन्ही काढायचे, सुईनं,
फुटायच्या आत.
एक जरी राहिला, तर फूल
स्वतःशीच लग्न लावून मोकळं.
हे सगळं श्वास रोखून.
माझ्या पदवीच्या कागदावर
या कसबाचा उल्लेख नाही.

मला मिळाली होती एकदा, न पडणारी.
तीनशे सत्त्याऐंशी नंबर. गुडघ्याएवढी, ताठ,
शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
परिषदेत टाळ्या मिळाल्या. मी नवे बूट घेतले.
मग एक पेंढी घेऊन वर्कनेशच्या बांधावर गेले.
तिनं काडी बोटांवर मोजली,
कोपरापर्यंतही पोचेना.
म्हणाली, दाणा आम्ही खाऊ. बैल काय खातील?
आणि पुढच्या वर्षी भिंत लिंपताना
चिखलात काय कालवू?
तुझा नंबर?

परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही.
गुदेतानं खिडकी खाली केली, वर केली.
बूट चावत होते.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट मी अहवालात लिहिलेली नाही.
हंगामभराच्या संकरातून एकोणीस दाणे हाती लागले होते,
काचेच्या बशीत, माझ्यासमोर.
आणि गुदेता शिंकला.

आम्ही दोघं फरशीवर, गुडघ्यांवर, ओला कुंचला घेऊन
जेवणाची वेळ टळेपर्यंत.
तो रडवेला: नाकानं घर बुडवलं, बाई.
जे जे दाण्यासारखं दिसलं ते कुंडीत पेरलं.
त्यात वाळूचे कण असणार,
कुणाच्या तरी डब्यातलं मीठही.
उगवलं बहुतेक गवतच.
आणि कोपऱ्यात एक उंच, तपकिरी तुऱ्याची,
जिचे आईबाप कोण, ते आजही
मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

वहीत तिला लांबलचक आकडा आहे.
आम्ही तिला शिंक म्हणतो.

शिंकही पडते. खोटं कशाला बोलू.
पण इतरांनंतर आठ दिवसांनी.
वर्कनेशनं यंदा तिचा एक पट्टा पेरलाय.
परवा तिनं निरोप धाडला: कापून झालं,
आता पडली तर पडू दे.

आठ दिवस.
सव्वीस वर्षांना भागून पाहिले मी,
मग कॅल्क्युलेटर खणात ठेवला.

मेकोनेन दारात उभा आहे, फॉर्मसाठी.
मी खोडलेलं पुन्हा लिहिते: आडवं पडणं.
दुसऱ्या ओळीत: थोडं उशिरा.
तिसरी कोरीच जाते त्याच्या हातात,
नखाखाली अडकलेलं काहीतरी मी उजेडात धरते,
दाणा असेल, नाहीतर वाळू.